फंडिंगची पोस्ट आणि पाचशेची पावती

गेल्या जानेवारीत, नामविस्तार दिनाच्या दोन दिवस आधी, आमच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पोस्टर आलं. निळी पार्श्वभूमी, कोट घातलेले दोन तरुण, हाताची घडी, मधोमध ठळक रक्कम. वर लिहिलं होतं, ‘आमच्या कम्युनिटीच्या बळावर आम्ही फंडिंग उभं केलं.’ पोरं आपलीच. एक मुकुंदवाडीचा, दुसरा जालन्याकडून शिकायला आलेला आणि इथेच राहिलेला. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी त्यांनी ॲप काढलेलं. अर्ध्या तासात ग्रुपवर शे-दीडशे ‘जय भीम’ पडले. आम्हीही टाकला. खोटं कशाला बोला, ऊर भरून आला होता.

तीन आठवड्यांनी त्याच ग्रुपवर एका मुलीनं एक ओळ लिहिली: ‘आमच्या पाचशेचं काय झालं?’

हे पाचशे कुठले, ते सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी याच पोरांनी याच ग्रुपवर ‘संस्थापक सदस्य व्हा’ म्हणून प्रत्येकी पाचशे रुपये मागितले होते. सदस्याला सगळा अभ्यासक्रम आयुष्यभर मोफत, असा शब्द दिला होता. कुणी अभ्यासिकेची फी मागे ठेवून दिले, कुणी बापाला न सांगता दिले. त्या पैशांतून पहिला सर्व्हर चालला, आणि त्याच सदस्यांच्या यादीवर बोट ठेवून गुंतवणूकदाराला सांगितलं गेलं की आमच्यामागे एवढा समाज उभा आहे. पैसा आला आणि ‘आयुष्यभर’ या शब्दाचा अर्थ ‘जुनी आवृत्ती चालू असेपर्यंत’ असा निघाला. जुनी आवृत्ती फेब्रुवारीत बंद झाली.

त्या मुलीला ग्रुपमधून काढून टाकलं. कारण दिलं, ‘समाजातल्या पोरांचं चांगलं होत असताना पाय ओढू नये.’ काढणारा ॲडमिन आमच्यातलाच. आम्ही वाचलं आणि गप्प बसलो. हा लेख त्या गप्प बसण्यातून निघाला आहे. त्या दोन पोरांना फासावर लटकवायला आम्ही लिहीत नाही, त्यांची बाजू पुढे येईलच. पण आज आपल्या शहरात आपली अनेक पोरं स्टार्टअपच्या वाटेला लागलीत. वाळूजच्या कंपन्यांत कंत्राटी हेल्पर म्हणून राबण्यापेक्षा स्वतःचं काही उभारावं असं त्यांना वाटतं, आणि ते योग्यच आहे. त्यांना शिकवायला सल्लागार येतात, शिबिरं होतात, आणि दोन मंत्र हमखास दिले जातात: ‘कम्युनिटी बांधा’ आणि ‘फंडिंग जाहीर करा’. हे दोन्ही मंत्र जसेच्या तसे घेतले तर आपल्या चळवळीनं शंभर वर्षांत जमवलेली एकमेव पुंजी, म्हणजे एकमेकांवरचा विश्वास, दोन-चार पोस्टरांत उधळली जाईल.

पहिला मंत्र घ्या. या मंडळींच्या तोंडी कम्युनिटी म्हणजे काय? ज्यांच्याकडून जाहिरात फुकट करून घ्यायची, चुका फुकट शोधून घ्यायच्या, ज्यांची संख्या गुंतवणूकदाराला दाखवायची, पण ज्यांना नफ्यात वाटा नाही, निर्णयात मत नाही आणि हिशोब विचारायचा हक्क नाही, असे लोक. साध्या मराठीत याला वेठबिगार म्हणतात. गावगाड्यानं आपल्या बापजाद्यांकडूनही अशीच कामं करून घेतली होती आणि वर सांगितलं होतं की गाव एक कुटुंब आहे. गावकी आणि गाव-कुटुंब हे शब्द ज्यांनी सोसलेत, त्यांनी तरी ‘कम्युनिटी’ या शब्दावर भाळू नये.

अमेरिकेतल्या वीवर्क या कंपनीचं उदाहरण प्रत्येक भीमसैनिकाला माहीत असावं असं आम्हाला वाटतं. धंदा काय? मोठ्या इमारतीतली जागा लांब मुदतीच्या भाड्यानं घ्यायची, टेबलं-खुर्च्या मांडायच्या आणि तुकडे पाडून पुन्हा भाड्यानं द्यायची. आपल्याकडे याला पोटभाडेकरू ठेवणं म्हणतात. पण कंपनी स्वतःला कम्युनिटी म्हणवून घ्यायची. जानेवारी २०१९ मध्ये तिची किंमत ४७ अब्ज डॉलर धरली गेली आणि त्याच सुमारास तिनं नाव बदलून ‘द वी कंपनी’ केलं. ‘वी’ म्हणजे आम्ही. हा ‘आम्ही’ वापरण्याच्या हक्कापोटी कंपनीनं ५९ लाख डॉलर मोजले. कुणाला? कंपनीच्या संस्थापकाच्याच ताब्यातल्या एका संस्थेला! आरडाओरडा झाल्यावर पैसे परत करावे लागले. शेअर बाजारात उतरायचा बेत त्याच वर्षी फसला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. ‘आम्ही’ हा शब्द एका माणसाच्या मालकीचा होऊ शकतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. आपल्या शहरातल्या पोस्टरवरही ‘आमच्या कम्युनिटीच्या बळावर आम्ही’ असंच होतं. त्यातले पहिले ‘आम्ही’ कोण आणि दुसरे ‘आम्ही’ कोण?

आता घरचं बघू. कारण स्टार्टअप ही काही कॅलिफोर्नियातून आलेली नवलाई नाही. बाबासाहेबांनी ती करून पाहिली आहे आणि तिची किंमतही मोजली आहे. १९१७ मध्ये बडोद्यातली नोकरी सोडून ते मुंबईत परतले. राहायला जागा मिळेना म्हणून ज्या शहरातून बाहेर पडावं लागलं ते बडोदा. मुंबईत पोट भरायला त्यांनी शिकवण्या घेतल्या आणि शेअर-रोख्यांच्या व्यापाऱ्यांना सल्ला देणारी एक छोटी पेढी काढली. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस, ज्ञानाला तोटा नव्हता. पेढी चालू लागली. मग गिऱ्हाइकांना कळलं की सल्लागार अस्पृश्य आहे. गिऱ्हाईक तुटलं, पेढी बंद झाली.

स्टार्टअपच्या शिबिरात गिऱ्हाईक का तुटतं यावर दोन-दोन तास तक्ते दाखवतात. त्या तक्त्यात या कारणाचा रकाना कुठे आहे? आज आपली पोरं कंपनीच्या वेबसाइटवर आडनाव टाकायचं की नुसतं पहिलं नाव, यावर रात्र-रात्र विचार करतात. हा काही त्यांचा न्यूनगंड नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या पेढीचा अनुभव त्यांच्या हाडात उतरला आहे.

या अनुभवानंतर बाबासाहेबांनी काय केलं, ते पाहा. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला. त्याला फंडिंग होतं. राजर्षी शाहू महाराजांनी २,५०० रुपये दिले. त्या काळात ही मोठी रक्कम होती, आणि ती कुणी दिली हे आजही शाळकरी पोराला माहीत आहे, म्हणजे लपवाछपवी काही नव्हती. ‘केसरी’कडे पैसे देऊन जाहिरात छापा म्हटलं, तर त्यांनी नकार दिला. म्हणजे प्रसिद्धीचं दार बंद. जुलै १९२० मध्ये बाबासाहेब राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला गेले. पांडुरंग नंदराम भटकर, नंतर ज्ञानदेव घोलप, अशांनी पत्र ओढलं, आणि १९२३ मध्ये ‘मूकनायक’ बंद पडला.

हे आपण जयंतीच्या भाषणात सांगत नाही. आपल्या भाषणात ‘मूकनायक’ निघतो, पण बंद पडत नाही. खरं तर आपल्या उद्योजक पोरांना त्याच्या बंद पडण्यातून जास्त शिकता येईल. देणगीदार खुद्द शाहू महाराज, कल्पना बाबासाहेबांची, गरज तर आभाळाएवढी. तरीही एका दात्याच्या रकमेवर आणि एका माणसाच्या हजेरीवर उभी राहिलेली गोष्ट तीन-चार वर्षांपलीकडे गेली नाही. मिळालेली रक्कम ही यशाची खूण असती, तर ‘मूकनायक’ आजही छापला गेला असता.

दुसऱ्या खेपेला, महाडच्या सत्याग्रहानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’ निघाला. यात बाबासाहेबांनी जे केलं ते आजच्या कुठल्याही फंडिंग पोस्टमध्ये आम्हाला दिसलेलं नाही. त्यांनी वाचकांपुढे पत्राची ओढाताण मांडली. मजकुराचा बहुतेक भार एकहाती उचलत असताना, पत्रावरचं ऋण हे लोकांचं ऋण आहे की नाही, असा रोखठोक प्रश्न त्यांनी अग्रलेखातूनच विचारला. म्हणजे समाजाला टाळ्या वाजवायला बोलावलं नाही, जबाबदारी घ्यायला बोलावलं. आणि समाजानं ती पुरती उचलली नाही, हेही इथेच कबूल करू. नोव्हेंबर १९२९ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ही थांबला. वर्षभरात, नोव्हेंबर १९३० मध्ये, ‘जनता’ आलं आणि ते मात्र १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’ होईपर्यंत चाललं.

तेव्हा एक बोट आपल्याकडेही वळलं पाहिजे. आपल्या माणसाचं दुकान असलं की आपण उधारी मागतो. आपल्या पोरानं ॲप काढलं की ‘समाजाला तरी फुकट दे’ म्हणतो आणि तासाभरात परक्या कंपनीचा वर्षाचा हप्ता मुकाट्यानं भरतो. धम्मासाठी उत्पन्नाचा विसावा हिस्सा द्यावा, ही बाबासाहेबांची अपेक्षा आपण पाठ केली आहे. पाळणारे आपल्या वस्तीत बोटावर मोजा. फुकट जय भीम देणारा समाज उद्योजकाला एक दिवस परक्या गुंतवणूकदाराच्या दारात उभा करतो, आणि मग तो तिथलीच भाषा बोलायला लागला की आपण त्याला बाटगा म्हणतो.

या शहरात ‘कम्युनिटी कशी बांधतात’ हे शिकायला शिबिराची फी भरायची गरज नाही. रिक्षा करा, नागसेनवनात उतरा. पीपल्स एज्युकेशन सोसायटी ८ जुलै १९४५ ची, मुंबईचं सिद्धार्थ कॉलेज १९४६ चं. मग बाबासाहेबांनी मराठवाडा निवडला, जिथल्या पोराला पदवीसाठी हैदराबादचा रस्ता धरावा लागे. जून १९५० मध्ये इथे कॉलेजचे वर्ग सुरू झाले. आणि ज्याला आज आपण मिलिंद म्हणतो त्या कॉलेजच्या इमारतीची कोनशिला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसली ती १ सप्टेंबर १९५१ ला. तारखांचा क्रम नीट बघा. आधी वर्ग भरले, पोरं आली, मास्तर आले. राष्ट्रपतींसोबतचा फोटो सव्वा वर्षानंतर. आमच्या ओळखीतल्या एका कंपनीचा पहिला खर्च फोटोग्राफरवर झाला होता.

पैसा तेव्हाही लागलाच. बाबासाहेबांनी सरकारदरबारी अर्ज केले, देणगीदारांकडे गेले. पण मिलिंदची ओळख ‘अमुक लाख उभारलेलं कॉलेज’ अशी कधी झाली नाही. ज्याच्या घरात कुणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं त्याला वसतिगृहात जागा देणारं कॉलेज, अशी ती ओळख होती. ती पोरं शिकून गावोगाव गेली, आणि पुढे नामांतराच्या लढ्यात हाक दिली तेव्हा गावोगाव ऐकणारी माणसं तयार होती. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं ठराव केला, मराठवाडा पेटला, वस्त्या जळल्या, पोचिराम कांबळे, जनार्दन मेवाडे गेले, नागपूरहून लाँग मार्च निघाला, १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं, आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. साडेपंधरा वर्षं! कुठल्या कंपनीचा ग्राहक एका नावासाठी इतकी वर्षं थांबेल? हे लोक कुणी ‘बांधले’ नव्हते. त्यांचं स्वतःचं काही पणाला लागलेलं होतं.

आणखी एक उदाहरण याच शहरातलं, आणि ते आमच्या जास्त जवळचं आहे. प्राध्यापक गंगाधर पानतावणे यांचं ‘अस्मितादर्श’. साठच्या दशकाच्या शेवटी मिलिंदच्या परिसरातून निघालेलं हे त्रैमासिक दलित साहित्याचं घर झालं आणि जवळपास पन्नास वर्षं चाललं. पानतावणे सर २०१८ मध्ये गेले. या त्रैमासिकाचे वाचक-लेखक मेळावे भरत. नाव नीट वाचा: वाचक आधी, लेखक नंतर. खेड्यातला शिक्षक, पोस्टातला कारकून, गिरणीतला कामगार वाचक म्हणून येई आणि पुढच्या अंकात लेखक होऊन बसे. ज्याच्यासाठी काढलं तोच ते चालवायला लागतो, ही समाजउभारणीची खरी कसोटी आहे. तुमच्या ॲपवर तुमच्या पहिल्या शंभर सदस्यांपैकी किती जण आज शिकवतात, किती जण प्रश्नपत्रिका काढतात, किती जणांना त्याचे पैसे मिळतात? उत्तर शून्य असेल, तर तुमच्याकडे कम्युनिटी नाही. फोन नंबरांची यादी आहे.

आता दुसरा मंत्र. फंडिंग जाहीर करणं.

आधी हिशोब समजून घेऊ, कारण टाळ्या वाजवणाऱ्या निम्म्या लोकांना तो माहीत नसतो आणि पोस्टर करणाऱ्याला तो माहीत नसल्याचा फायदा होतो. समजा कुणी तुमच्या कंपनीत ४० लाख घातले आणि १० टक्के हिस्सा घेतला. कागदावर कंपनीची किंमत झाली ४ कोटी. दुसऱ्या दिवशी वस्तीत बातमी, ‘पोरगा चार कोटींचा मालक झाला.’ प्रत्यक्षात कंपनीच्या खात्यात २० लाख, उरलेले २० लाख सहा महिन्यांनी आणि तेही अमुक इतके सदस्य झाले तर. पोराच्या स्वतःच्या खात्यात खडकू नाही. पण मामा हातउसने मागायला येतो, बहिणीच्या लग्नात सगळे त्याच्याकडे बघतात, ऑफिसचा मालक भाडं वाढवतो, आणि तीन महिने पगार थकलेला सहकारी विचारतो, ‘चार कोटी आले ना?’ कंपनीची किंमत म्हणजे हातातला पैसा नव्हे, हे आधी घरच्यांना समजावा. बायजूजची किंमत २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर सांगितली जात होती. क्रिकेट संघाच्या जर्सीवर नाव झळकवल्याचे पैसे थकले म्हणून बीसीसीआय न्यायाधिकरणात गेलं आणि जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. तीही शिकवण्याचीच कंपनी होती.

आपल्या पोरांच्या बाबतीत आणखी एक भानगड असते. सगळा पैसा ‘फंडिंग’ या एकाच नावानं सांगितला जातो. अनुसूचित जातींच्या उद्योजकांसाठीचा व्हेंचर कॅपिटल फंड केंद्रानं २०१५ मध्ये सुरू केला. सप्टेंबर २०२० मध्ये त्यातूनच आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इनक्युबेशन मिशन आलं, तीन वर्षांत ३० लाखांपर्यंत भांडवलाच्या तरतुदीसह. एप्रिल २०१६ ची स्टँड-अप इंडिया २०२५ पर्यंत होती, १० लाख ते १ कोटीपर्यंतच्या बँक कर्जाची. यातला कुठला पैसा कर्ज, कुठला हिस्सा, कुठला नुसता मंजुरीचा कागद? कर्ज मंजूर झालं की ‘एक कोटी उभारले’ म्हणून पेढे वाटणारे आम्ही पाहिलेत. अरे, ते फेडायचं आहे! शेतकऱ्यानं पीककर्ज काढलं की आपण त्याला फंडिंग म्हणतो का? आणि मंजूर झालेला पैसा खात्यात पडेपर्यंत बँकेत किती खेटे घालावे लागतात, योजनेत हमी निधीची तरतूद असतानाही ‘सातबारा आहे का?’ हा प्रश्न कसा येतो, हे ज्यानं सोसलं त्यानं लिहायला हवं. ती पोस्ट पुढच्या दहा जणांच्या कामी येईल. कोटाच्या फोटोचा कुणाला काय उपयोग?

सातबाऱ्यावरून आठवलं. स्टार्टअपच्या पोथीत पहिल्या पैशाला ‘फ्रेंड्स अँड फॅमिली राउंड’ म्हणतात. मित्र आणि नातेवाईक यांच्याकडून आलेला पैसा. किती निरागस शब्द आहे! ज्याच्या काकाचं दुकान आहे, मावसभाऊ अमेरिकेत आहे, वडिलांची जमीन बायपासला लागून आहे, त्याचं हे पहिलं पाऊल. आपल्याकडे कुटुंबाचा पैसा उलट्या दिशेनं वाहतो. पोरगं कमवायला लागलं की घराचं छप्पर, धाकट्याची फी आणि आईचं औषध त्याच्या अंगावर येतं. आपल्यासाठी मित्र आणि नातेवाईक म्हणजे समाज. म्हणून ते पाचशे रुपये साधे नव्हते. ज्यांच्याकडे भांडवल नाही अशा लोकांनी जमवलेलं ते पहिलं भांडवल होतं. बड्या घरच्या पोरानं काकाचे पैसे बुडवले तर काका लग्नात बोलत नाही, एवढंच होतं. आपल्या पोरानं समाजाचे पाचशे बुडवले तर त्याच्यामागून येणाऱ्या प्रत्येकाला वस्तीत दार बंद होतं.

इथे दोन प्रकारचे मित्र आमच्यावर तुटून पडतील. पहिले म्हणतील, मुळात भांडवलाच्या नादी लागायचंच कशाला? फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ते विसरलात काय? विसरलो नाही. पण तेच बाबासाहेब रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहीत होते, सल्लागार पेढी काढत होते, संस्थेसाठी इमारती बांधत होते. पैशाला त्यांनी हात लावला नाही असं नाही. पैशाच्या व्यवहारात माणसाचं स्वातंत्र्य गहाण पडतं का, हे ते पाहत होते. दुसरे मित्र म्हणतील, आता जातीशी भांडवलानंच लढायचं, २००५ पासून दलित उद्योजकांचं चेंबर उभं आहे, करोडपती झालेत, तुम्ही अजून पावती पुस्तकात अडकलात. त्यांना आमचा एकच प्रश्न. तुमच्या करोडपतीच्या कारखान्यात आपल्याच वस्तीतल्या कंत्राटी पोराला किमान वेतन आणि भविष्य निर्वाह निधी मिळतो का? मिळत असेल तर पहिला सत्कार आम्ही करू.

मग पोस्ट टाकूच नये का? टाकावी. आपल्यातल्या एखादीला पैसा मिळाला हे दहा जणींना कळलं तर दहा जणी अर्ज करतील. शिवाय गुपचूप आलेला पैसा कुजबुज जन्माला घालतो, त्यापेक्षा उघड बरा. प्रश्न आधी कुणाला सांगायचं आणि काय सांगायचं हा आहे. आधी कामावरच्या लोकांना सांगा, त्यांचे थकलेले पगार चुकते करून. मग ज्यांनी पहिले पैसे दिले त्यांना सांगा. त्यांचं नशीब वर्तमानपत्रातून त्यांना कळता कामा नये. जाहीर करताना पैसा कुणाचा ते लिहा, कारण ज्याचा पैसा त्याचं मत कंपनीत बसतं. हिस्सा किती दिला, कर्ज किती, हातात किती आलं, किती यायचं आणि कुठल्या अटीवर, हे लिहा. गुंतवणूकदार ‘रक्कम उघड करू नका’ म्हणत असेल तर रक्कम नका टाकू, मग पोस्टरवर कोटीचा आकडाही नको. आणि जुन्या सदस्यांना दिलेल्या शब्दाचं काय होणार, ही ओळ सगळ्यात वर असू द्या. शब्द पाळता येत नसेल तर पैसे परत करा, आणि परत केल्याचंही जाहीर करा.

हे काही नवीन नाही. आपल्या प्रत्येक वस्तीत १४ एप्रिल झाला की जयंती मंडळाचा हिशोब फळ्यावर लागतो. वर्गणी किती जमली, मंडपाला किती, भोजनदानाला किती. डीजेच्या आकड्यावरून दरवर्षी भांडण होतं, कधी बाह्या सरसावल्या जातात, आणि ते व्हायलाच हवं. पाचवी शिकलेली आजी फळ्यासमोर उभी राहून विचारते, ‘माझे एकावन कुठं लिहिले?’ आणि अध्यक्षाला दाखवावं लागतं. एमबीए झालेल्या आपल्या पोरांनी त्या आजीला उत्तर देण्याची तयारी ठेवावी. गुंतवणूकदाराला तीन महिन्यांनी अहवाल पाठवता ना? त्याची एक प्रत साध्या मराठीत पाचशे देणाऱ्यालाही पाठवा.

आता त्या पोरांची बाजू. लेख लिहिण्याआधी आम्ही त्यांना भेटलो, भडकल गेटजवळच्या एका चहाच्या टपरीवर दोन तास बसलो. मुकुंदवाडीचा पोरगा म्हणाला, ‘दादा, करारात लिहिलंय की जुन्या मोफत खात्यांचा खर्च नव्या पैशांतून करायचा नाही. सही करताना आम्हाला त्याचा अर्थच कळला नव्हता. वकील त्यांचाच होता.’ आम्हाला हे पटलं. त्याचा राग आला आणि कीवही आली. आपल्या शहरात आपले वकील कमी नाहीत. विद्यापीठाच्या नावासाठी तुरुंगात गेलेल्यांचे जामीन त्यांनीच करून दिले. एका पोराचा करार कुणी तासभर वाचून दिला नसता का? पण त्यानं विचारलं नाही, आणि विचारायला जागा आहे असं आम्ही त्याला कधी सांगितलंही नाही. जालन्याचा पोरगा मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिला की पाचशे ही देणगी होती. त्याला आम्ही त्याचाच दोन वर्षांपूर्वीचा मेसेज काढून दाखवला. मग तो गप्प झाला.

ठरलं ते असं. नव्या आवृत्तीत जुन्या सदस्यांना तीन वर्षं मोफत, नको असेल त्याला पाचशे परत, तेही दोघांनी स्वतःच्या पगारातून, हप्त्यानं. करारातल्या अटीवर आपले एक वकील काम करताहेत. यादी जुळवायचं काम आमच्याकडे आहे. आतापर्यंत २१२ नावं सापडलीत. ज्यांनी भरले आणि ज्यांचं नाव यादीत नाही त्यांनी पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट शोधून ठेवावा, तो नसेल तर बँकेच्या पासबुकावरची नोंद चालेल. यादी रविवारी सकाळी विद्यापीठ गेटजवळ कागदावर घेऊन बसतो, कारण ग्रुपवर टाकली की फोन नंबर सगळीकडे फिरतात.

त्या मुलीला ग्रुपवर परत घेतलं आहे. माफी ॲडमिननं मागितली, आम्हीही मागितली. तिनं ‘ठीक आहे’ लिहिलं आणि खाली विचारलं, यादीत तिच्या मावसबहिणीचं नाव दोनदा का आलंय. तपासलं. तिनं दोनदा भरले होते, एकदा स्वतःसाठी आणि एकदा वसतिगृहातल्या मैत्रिणीसाठी, जिच्याकडे त्या महिन्यात पैसे नव्हते. मैत्रिणीचं नाव आता वेगळं लिहिलं आहे.